हरकत असल्यास आत्ताच सांगावी

नाताळ अंकाच्या संपादकांचा फोन आला. "पाळकसाहेब, सेवेतले काही प्रेरणादायी अनुभव लिहून द्या. पण थोडक्यात." आयुष्यभर मला मंडळीनं हेच सांगितलं. उपदेश चांगला करा, पण साडेबाराच्या आत संपवा, कारण घरी मटण शिजत घातलेलं असतं. निवृत्त झालो तरी ते साडेबारा काही माझी पाठ सोडत नाहीत.

प्रेरणादायी लिहिणं मला जमणार नाही, हे आधीच सांगतो. जालन्यात माझ्या शेजारी तहसीलमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. ते मला अजून विचारतात, "तुमचं काम रविवारचंच असायचं ना?" अशा वेळी मी हसतो, कारण पाळकानं हसायचं असतं. ही या नोकरीतली पहिली कटकट.

ज्यांना आमच्याकडची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. चर्चची माणसं म्हणजे मंडळी, आणि मंडळीला सांभाळणारा तो पाळक. उपासना चालवायची, बाळांचा बाप्तिस्मा करायचा, लग्नं लावायची, माणसं पुरायची, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. हे झालं सांगण्यापुरतं काम. खरं काम म्हणजे माईकची वायर कुणी तोडली ते शोधणं, कबरस्थानाच्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे यावरून चर्चचा कारभार बघणाऱ्या दोन पंचांत जुंपलेली भांडणं सोडवणं, आणि पंख्याखालचा बाक. आमच्या चर्चमध्ये एकच पंखा धड चालायचा आणि त्याखाली बसण्यावरून दोन घरांत अबोला होता. मी कंटाळून पंखा काढून दुसरीकडे लावला. पुढच्या रविवारी दोन्ही घरं उठून तिकडे गेली आणि तिथे आधीपासून बसणारं तिसरं घर माझ्यावर रुसलं.

आमच्या मंडळीतल्या, बदनापूरजवळच्या एका शेतकऱ्यानं मला बोअरवर प्रार्थना करायला नेलं होतं. मी म्हणालो, प्रार्थना करतो, पण पाणी माझ्या हातात नाही. पाणी लागलं, पण मचूळ. तेव्हापासून तो भेटला की म्हणायचा, "पाळकसाहेब, तुमच्या प्रार्थनेत गोड म्हणायचं राहून गेलं बघा." पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर नंतर मी त्याला लांबून पाहिलं की रस्ता बदलायचो.

आणि हंगामाची उपासना. पीक घरी आलं की लोक आपापल्या वाट्याचं आणून चर्चमध्ये अर्पण करतात, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. हसनाबादकडच्या एका कुटुंबानं एकदा कोंबडा आणला. जो बोली जिंकायचा तो भक्तिभावानं म्हणायचा, "हा माझ्याकडून परत प्रभूला." की पुन्हा लिलाव. असं होता होता कोंबडा कुणीच नेला नाही आणि शेवटी माझ्या घरी आला. प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचा म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी त्याचं नाव 'पंच' ठेवलं. हे खऱ्या पंचांना कळू नये म्हणून मला पुढे बरीच धडपड करावी लागली.

हे सगळं मी सहन केलं. पण माझ्या डोक्याला खरा ताप दिला तो साक्षीनं.

साक्ष म्हणजे काय तेही सांगतो. उपासनेत दानार्पण झालं की पाळक विचारतो, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" मग कुणीही उभं राहून प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. पद्धत फार सुंदर आहे. अडचण एवढीच, की आधीचं आयुष्य जितकं वाईट, तितकी साक्ष रंगते. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या उभ्या राहून म्हणायच्या, "प्रभूनं मला लहानपणापासून सांभाळलं." त्या खाली बसेपर्यंत लोक पंख्याकडे बघत असायचे.

आणि शांतवन खरात उठला की सगळे सावरून बसायचे. अर्थात सुरुवातीची काही वर्षंच. पुढे तेही पंख्याकडे बघू लागले, कारण शांतवन दर रविवारी उठायचा आणि दर रविवारी तीच साक्ष द्यायचा.

शांतवनचं वेल्डिंगचं दुकान आहे. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, जिन्याचे कठडे. हात इतका साफ, की दूरदूरची कामं त्याच्याकडे येतात. पण एके काळी तो बुडेस्तोवर प्यायचा. गिऱ्हाइकाची तयार जाळी विकून प्यायचा. एकदा लेकीचं दप्तर विकून प्याला, पुस्तकांसकट. बसस्टँडजवळच्या नालीत पडायचा. मग एका रविवारी चर्चच्या भिंतीला टेकून पडलेला असताना आतलं गाणं त्याच्या कानावर पडलं, तो उठून आत आला आणि शेवटच्या बाकावर बसला. हे सगळं खरं आहे, मी तेव्हा तिथे होतो. पण साक्षीत ती नाली दरवर्षी खोल होत गेली. मग तिच्यात एक कुत्रं आलं. मग ते कुत्रं त्याचं तोंड चाटू लागलं. मी त्याला एकदा बाजूला घेऊन म्हणालो, "शांतवन, ते कुत्रं आधी नव्हतं." तो म्हणाला, "होतं, पाळकसाहेब. आधी याद न्हाई आलं."

कितीही लांबण लावली तरी शेवटी तो एकच वाक्य म्हणायचा. "ह्याबी आठवड्यात न्हाई घेतली." आणि बसायचा. तोवर लोकांनी पुढच्या गीताचं पान काढलेलं असायचं.

त्यात आमच्या तरुण संघानं उपासना मोबाईलवरून दाखवायला सुरुवात केली. मी म्हणालो, कशाला? बघणारी माणसं तीच, जी इथे बाकावर बसली आहेत. पण तरुणांसमोर पाळकाचं काय चालतं? शांतवन आता मोबाईलकडे तोंड करून साक्ष देऊ लागला.

या सगळ्या काळात त्याची बायको मार्थाबाई बायकांच्या बाजूला मान खाली घालून बसलेली असायची. एका दवाखान्यात ती आया म्हणून काम करायची. शांतवन पीत होता त्या वर्षांत घर तिनं एकटीनं ओढलं. एका गुरुवारी ती माझ्याकडे आली आणि दारातच उभी राहिली.

"बसा ना," मी म्हणालो.

"बसत न्हाई, पाळकसाहेब. एक मागायला आल्ते. आमच्या करुणाला अंबडचं स्थळ आलंय. माणसं चांगली हायेत. पोरगं इथंच बियाणांच्या कंपनीत हाय. रविवारी उपासनेलाच येऊन राह्यले पोरगी बघायला. तवा ह्यांची साक्ष तेवढी बंद करा."

"मी कशी बंद करू? तुम्हीच सांगा त्यांना."

"सांगून थकले. म्हणतात, प्रभूनं केलेलं लपवू का? मी म्हणलं, दर रविवारी माझं घर सगळ्यांम्होरं उघडं पडतं, मी कधी काय बोलले का? बसते गुमान. पण पोरीचं वाटोळं न्हाई होऊ देणार."

खरं सांगतो, मला मनातून बरं वाटलं. मी कित्येक वर्षं जे करू शकलो नव्हतो त्याला अखेर एक पवित्र कारण मिळालं होतं. मी शांतवनला बोलावून घेतलं. लग्न होईपर्यंत साक्ष नाही, असं स्पष्ट सांगितलं. मला वाटलं होतं तो वाद घालील. तो फक्त म्हणाला, "पोरीसाठी ना? मंग ठीक हाय." आणि उठून गेला. इतक्या सहज तो ऐकेल याची मला सवय नव्हती, त्यामुळे मी आणखी काळजीत पडलो.

त्या रविवारी मी उपासनेचा क्रमच बदलला. साक्षीची वेळ काढून टाकली आणि तिथे एक लांबलचक गीत घातलं. अंबडचे पाहुणे दुसऱ्या ओळीत बसले होते. मुलाचे वडील याकोब पाटोळे कोर्टात बेलीफ होते आणि तिथल्या मंडळीत पंच. शर्टाची इस्त्री कडक, बोलणं मोजून-मापून, तोंडाला सतत वेलदोड्याचा वास. शेजारी त्यांची पत्नी सुशीलाबाई आणि मुलगा आशिष. सगळं सुरळीत चाललं होतं. दानार्पण झालं. आणि इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?"

अख्ख्या मंडळीनं एकदम माना वळवून शांतवनकडे पाहिलं.

शांतवन उठला नाही. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मार्थाबाईनं डोळे मिटून घेतले होते. पाहुणेही वळून बघू लागले. मी घशातल्या घशात खाकरलो आणि गीताचा क्रमांक इतक्या मोठ्यानं सांगितला की माईक शिट्टी मारायला लागला.

चहाच्या वेळी सुशीलाबाई माझ्याजवळ आल्या. "पाळकसाहेब, आज साक्ष कुणीच न्हाई दिली?"

"आमची मंडळी जरा लाजाळू आहे," मी म्हणालो. जालना जिल्ह्यात यांच्याइतकी निर्लज्ज मंडळी शोधून सापडणार नाही. सुशीलाबाईंचा चेहरा उतरला. बाई भाविक दिसते, असं मला वाटलं आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

स्थळ पक्कं झालं. पुढचे रविवार मला फार सुखाचे गेले. उपासना साडेबाराच्या आत संपू लागली. पंचांनी माझं कौतुक केलं. एकानं तर विचारलं, हे आधीच का नाही केलं? मलाही तेच वाटत होतं.

शांतवन मात्र उशिरा येऊ लागला. शेवटच्या बाकावर बसायचा आणि आशीर्वाद व्हायच्या आत निघून जायचा. मग एकदा मार्थाबाई रस्त्यात भेटली. म्हणाली, "दुकान दोन दिस बंद हाय. घेतली न्हाई अजून. पण माझा जीव थाऱ्यावर न्हाई."

मी तसाच त्याच्या दुकानावर गेलो. शटर अर्धं ओढलेलं होतं. शांतवन आत एका अर्ध्या गेटसमोर स्टुलावर बसला होता. हातात रॉड, पण मशीन बंद.

"काय झालं?"

"काय न्हाई झालं. तेच तर होऊन राह्यलंय."

"शांतवन, नीट सांगा. मला उन्हात उभं करू नका."

त्यानं मला स्टूल दिलं आणि स्वतः गेटला टेकून उभा राहिला. "तुम्हाला वाटतं, मी ते लोकांना सांगतो. लोकांना सगळं पाठ हाय. मी ते रविवारी सांगायचंय म्हणून सोमवार काढतो. मंगळवार काढतो. शनिवार लई अवघड जातो, पाळकसाहेब. पण उद्या उभं राहून सांगायचंय, न्हाई घेतली म्हणून. ह्या धाकावर शनिवार निघतो. आता रविवारी मला कुणी विचारतच न्हाई. मंग शनिवारी भ्यायचं कुणाला?"

"प्रभूला भ्या," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"प्रभू माफ करतो," तो म्हणाला. "मंडळी न्हाई करत. मला मंडळीच पाहिजे."

मला रागच आला. शांतवनचा आला, मार्थाबाईचा आला, अंबडच्या त्या इस्त्रीवाल्या बेलिफाचा आला, आणि ज्यांना कोंबडा परत देता येतो पण एका माणसाचं ऐकून घेता येत नाही त्या मंडळीचा तर फारच आला. मी त्याला म्हणालो, घोषणा सुरू झाल्या आहेत, थोडेच दिवस राहिले, दम धरा. तो बरं म्हणाला. त्याच्या बरं म्हणण्यावर मी काडीचा विश्वास ठेवला नाही. संध्याकाळी चक्कर टाकायला सुरुवात केली. तो मला चहा पाजायचा.

आता घोषणा म्हणजे काय. आमच्यात लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार वधू-वरांची नावं चर्चमध्ये वाचतात, आणि पुढे एक वाक्य असतं. या विवाहास कोणाची रास्त हरकत असल्यास त्यानं ती आत्ताच सांगावी. माझ्या साऱ्या सेवेत कुणीही कधीही हरकत सांगितली नव्हती. कंडक्टर तिकीट फाडता फाडता पुढच्या स्टॉपचं नाव घेतो, तसं मी ते वाक्य एका दमात म्हणून टाकायचो आणि पान उलटायचो.

तिसऱ्या रविवारी अंबडचे पाहुणेही आले होते. उपासनेनंतर मांडव आणि जेवणाचं ठरवायचं होतं. मी नावं वाचली. ते वाक्य म्हटलं, पान उलटलं. तेवढ्यात मागचा बाक करकरला.

शांतवन उभा होता. "हरकत हाय," तो म्हणाला.

"शांतवन, खाली बसा."

"न्हाई, पाळकसाहेब. तुम्ही साक्षीची वेळ काढून टाकली. माणसाला बोलायला आता एवढीच जागा ऱ्हायली."

नियमाप्रमाणे हरकत आली की ऐकून घ्यावीच लागते. मी पंचांकडे पाहिलं. पंच बुटांकडे बघू लागले. आणि शांतवननं सांगून टाकलं. या वेळी त्यात ना नालीची खोली होती, ना कुत्रं. "मी दारू पीत होतो. बायकोला मारलं. पोरीचं दप्तर विकलं. मंग सुटली. हे मी दर रविवारी सांगत होतो, आन तुम्ही आले तवा गप बसलो, पोरीचं जमावं म्हणून. माझी हरकत पोराला न्हाई, लग्नाला न्हाई. लपवून लावायला हाय." तो अंबडच्या पाहुण्यांकडे बघून बोलत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ह्या दिवसांत न्हाई घेतली. पण ह्या शनिवारी घेतली असती." आणि तो बसला नाही, उभाच राहिला.

मी मार्थाबाईकडे बघायचं टाळलं. आता पाहुणे उठून जाणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आणि खरंच सुशीलाबाई उठल्या. पण त्या बाहेर गेल्या नाहीत. पदर सावरून तिथेच उभ्या राहिल्या.

"मंग आमचीबी हरकत हाय," त्या म्हणाल्या.

"तुमची कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"आम्हाला हे सगळं ठाऊक होतं. मी मोबाईलवर ह्यांची साक्ष बघितली. एकदा न्हाई, लई वेळा बघितली. ते बघूनच ह्या घरची पोरगी करायची म्हणून आल्ते. त्या दिवशी आमच्या ह्यांना मुद्दाम घेऊन आल्ते ऐकवायला. सगळे करुणाच्या पप्पांकडं बघू लागले, मला वाटलं आता उठतील. उठलेच न्हाई." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "आमच्या ह्यांची न्हाई सुटली अजून. अंबडला कुणाला ठाऊक न्हाई. पंच हायेत ना."

याकोबराव समोरच्या बाकाच्या पाठीकडे टक लावून बघत होते. तोंडातला वेलदोडा चावायचे थांबले होते.

सबंध आयुष्यात एक हरकत आली नाही, आणि आज दोन आल्या, त्याही स्वतःच्याच घरावर. असं काही झालं तर पाळकानं काय करावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात माझं लक्ष मोबाईलवाल्या तरुणाकडे गेलं. तो सगळं दाखवत होता. मी हातानं बंद करायची खूण केली. त्यानं ती 'जवळून घे' अशी समजून मोबाईल आणखी पुढे आणला.

मग करुणा उठली. शिकलेली, बदनापूरच्या एका शाळेत शिकवणारी मुलगी. तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, आणि त्या दिवशीही तो चढला नाही.

"मावशी, तुम्ही मला सून म्हणून नेऊन राह्यल्या का औषध म्हणून?"

सुशीलाबाई खाली बसल्या. करुणा आशिषकडे वळली. "तुला माहीत होतं?"

आशिषनं मान डोलावली.

"आणि तू मला सांगितलं न्हाई."

"तुझ्या पप्पांनीबी..."

"माझ्या पप्पांनी सांगितलं. आत्ता, सगळ्यांसमोर. तू न्हाई सांगितलं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "पाळकसाहेब, घोषणा थांबवा. वाचायच्या असल्या तर परत पहिल्यापासून वाचाव्या लागतील. कधी, ते मी सांगते."

आणि ती खाली बसली. मी कसाबसा आशीर्वाद दिला. चहा तसाच राहिला. अंबडची माणसं एसटीनं परत गेली. मार्थाबाई माझ्याशी बोलली नाही आणि नवऱ्याशीही बोलली नाही. मला वाटलं, झालं, आपण एका मुलीचं लग्न मोडलं, एका घराची अब्रू घालवली, आणि हे सगळं गावभर मोबाईलवर दाखवलं.

पुढच्या रविवारी मी साक्षीची वेळ पुन्हा ठेवली. साडेबारावाले पंच नाराज झाले. होऊ दिले.

आणि त्याच रविवारी एक गोष्ट झाली. शांतवन आला, आणि त्याच्यासोबत याकोबराव आले. मागाहून कळलं, की शांतवननं शनिवारी दुपारीच दुकान बंद केलं आणि एसटी धरून अंबडला गेला. याकोबरावांच्या घरी मुक्काम केला, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं त्यांना घेऊन जालन्याला आला. अंबडच्या मंडळीत पंच म्हणून बसलेल्या माणसाला तिथे उभं राहून बोलायची हिंमत नव्हती. इथे त्याला लपवायला काही उरलंच नव्हतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. मी शांतवनला विचारलं, तुम्ही दोघं तिथे करता काय? तो म्हणाला, "काय न्हाई. भजी खातो. शनिवार काढतो."

दर शनिवारी अंबड आणि दर रविवारी जालना, हे बरेच महिने चाललं. याकोबराव यायचे, बसायचे, बोलायचे काही नाहीत. मधे दोन-तीन रविवार आलेच नाहीत. शांतवन एकटाच यायचा, तोंड पाडून. मग पुन्हा दोघं. करुणा हे सगळं बघत होती. मग एका रविवारी आशिष उठला. त्यानं काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, कारण ते तिच्यासाठी होतं. एवढंच सांगतो, की त्यानं बापाचं नाव घेतलं नाही, स्वतःचं घेतलं. आपण घाबरून लपवलं, असं म्हणाला. पुढे काही दिवसांनी करुणा माझ्या दारात आली. "वाचा," म्हणाली.

मी परत तीन रविवार घोषणा वाचल्या. पण आता ते हरकतीचं वाक्य एका दमात म्हणायची माझी छाती नव्हती. ते म्हणून झालं की मी थांबायचो आणि एकेका बाकाकडे बघायचो. कुणी उठलं नाही. लग्न झालं.

मार्थाबाईला मी पुढे एकदा विचारलं, तुम्ही कधी साक्ष का देत नाही? त्या घरात खरी सांगण्यासारखी गोष्ट कुणाची असेल तर तिची, असं मला मनापासून वाटायचं. ती म्हणाली, "माझं काय सुटायचं होतं, पाळकसाहेब? मी तर धरून बसले होते." आणि कपबशा विसळायला निघून गेली. मी तिच्यासाठी काही करू शकलो नाही, याचं वाईट वाटतं. तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही शेवटी तिच्या नवऱ्यानं मोडली. तो बरोबर होता, हे तिला कळत होतं. पण मान तिनं कित्येक वर्षं घातली होती खाली, त्याचं काय?

आता मी निवृत्त आहे. शेवटच्या बाकावर बसतो आणि आमच्या तरुण पाळकाचे हाल बघतो. तो गिटार वाजवतो, भिंतीवर गीतं दाखवतो, आणि पंखे आता पुष्कळ आहेत, तरी लोक त्याच एका पंख्याखाली बसायला भांडतात. साक्षीची वेळ आहे. शांतवन दर रविवारी उठतो. नाली आता इतकी खोल झाली आहे की नगरपालिकेनं दखल घ्यावी. मी सवयीनं घड्याळ बघतो आणि मनात चरफडतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दानार्पण झालं, पाळकानं विचारलं, आणि शांतवनच्या आधी त्याच्या शेजारचे याकोबराव उठले. हल्ली ते कधी कधी उठतात. "ह्या आठवड्यात न्हाई घेतली," म्हणतात आणि बसतात. त्यांची साक्ष तेवढीच असते. त्या दिवशी ते उठले आणि म्हणाले, "मंगळवारी घेतली."

कुणीतरी सवयीनं आमेन म्हणायला तोंड उघडलं आणि अर्ध्यात गिळलं. आमचा तरुण पाळक गिटार हातात घेऊन नुसता उभा. याकोबरावांना बसायचं सुचत नव्हतं. ते बाकाची पाठ धरून उभे होते.

बायकांच्या बाजूनं करुणाचा आवाज आला. सासऱ्याकडे तिनं मान वळवून पाहिलंही नाही.

"बसा, पप्पा. पुढचा रविवार हाय ना."

याकोबराव बसले. शांतवननं सरकून त्यांना जागा दिली, मग तो स्वतः उठला, आणि बसस्टँडजवळच्या त्या नालीपासून सुरुवात केली. साडेबारा केव्हाच वाजून गेले होते. कुणीही गीताचं पान काढलं नाही.